काळे कुंकू, पांढरे आभाळ

मुंबई इलाख्यात आणि त्याच्या आसपास १८५५ ते १८८० या काळात काढलेली छायाचित्रे एकापुढे एक ठेवून पाहिली, तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. त्यांत आभाळ नसते. अजिंठ्याचा कडा असो की विजापूरचा गोलघुमट, त्याच्या माथ्यावर कोरा कागद असतो. ढगाचा पुंजका नाही की निळाईची छटा नाही. दुसरी गोष्ट ध्यानात यायला वेळ लागतो. या चित्रांतली माणसे, आपल्याच मुलखातली असूनही, आपण रोज पाहतो त्यापेक्षा पुष्कळच काळी दिसतात. आभाळ नसणे हा जुन्या यंत्राचा दोष म्हणून आपण सोडून देतो. माणसांचा काळेपणा मात्र खरा धरून चालतो. वास्तविक दोन्हींचे कारण एकच आहे.

हे कारण छायाचित्रणाच्या इतिहासाच्या पुस्तकांत सापडते आणि मीही ते तिथेच वाचले होते. पण गेली दोन वर्षे शिक्रापुरात, घराच्या मागच्या खोलीत, ही जुनी पद्धत मी हाताने शिकते आहे. त्यातून या चित्रांकडे पाहण्याची माझी रीत बदलली. इतिहासाच्या साधनांची चिकित्सा करताना आपण बखरीचा कर्ता कोण, तो कुणाच्या पदरी होता, हे विचारतो. छायाचित्रालाही असाच एक प्रश्न विचारायला हवा: ज्या काचेने हे पाहिले, तिला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते?

ही पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्लिश शिल्पकाराने मार्च १८५१ मध्ये ‘द केमिस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिचा आधार म्हणजे कोलोडियन. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांत भिजवून तयार केलेला कापूस ईथर व अल्कोहोलमध्ये विरघळवला की मधासारखा पातळ-दाट द्रव मिळतो. तो वाळला की पारदर्शक पापुद्रा धरतो, म्हणून डॉक्टर तो जखमेवर लावत. आर्चरने त्यात आयोडाइडचे क्षार मिसळून तो काचेवर ओतला. पेटंट त्याने घेतले नाही आणि १८५७ मध्ये तो गरिबीतच वारला. त्याची कृती मात्र कुणालाही वापरायला मोकळी राहिली.

मुंबईत ती फार लवकर पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. कोलोडियन आणि सिल्व्हर नायट्रेट या दोन्ही वस्तू डॉक्टरांच्या पेटीतल्याच, तेव्हा या नव्या विद्येशी त्यांची जवळीक होणे स्वाभाविक होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण मुंबईतले नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार झाले. म्हणजे आर्चरची कृती छापून आल्यावर चार-पाच वर्षांत मराठी माणसे कॅमेऱ्यापुढेच नव्हे, कॅमेऱ्यामागेही उभी होती.

आता प्रत्यक्ष कृती. स्वच्छ काच बोटांच्या टोकांवर तोलून धरायची, मधोमध कोलोडियन ओतायचे, काच कलती करत ते चारी कोपऱ्यांना न्यायचे आणि उरलेले एका कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यायचे. आपल्याकडे घावन तव्यावर पसरवताना हात जसा फिरतो तशीच ही सवय आहे. सांगून येत नाही, करून येते. पापुद्रा धरला की काच लाल दिव्याच्या उजेडात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तीन-चार मिनिटे बुडवायची. बाहेर येते तेव्हा ती दुधाळ झालेली असते. ती ओलीच चौकटीत बंद करून कॅमेऱ्यात घालायची, उन्हात काही सेकंद उघडायची आणि लगेच आत आणून तिच्यावर हिराकसाचे पाणी ओतायचे. मग ती धुवायची, हायपोत टाकायची, पुन्हा धुवायची, वाळवायची आणि शेवटी सँडरॅक नावाच्या राळेचे रोगण चढवायचे. काचेमागे काळे कापड धरले की चित्र सरळ दिसते. तीच काच नीट गडद उतरली तर तिच्यावरून कागदावर कितीही प्रती काढता येतात.

या साऱ्यात अट एकच: काच ओली असेपर्यंत सगळे उरकायचे. ती वाळली की चांदीचे क्षार पृष्ठभागावर स्फटिक धरतात आणि चित्र संपते. विलायती पुस्तकांत यासाठी दहा ते पंधरा मिनिटे दिलेली असतात. ती तिथल्या हवेची मिनिटे आहेत. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि शिरूर तालुक्यात एप्रिलची दुपार त्याच्या पुढेच असते. बाटलीचे बूच काढले की वास खोलीभर पसरतो आणि काचेचा दुसरा कोपरा गाठेपर्यंत पहिला घट्ट झालेला असतो. पंधरा मिनिटांची इथे पाच होतात. डिसेंबरच्या सकाळी मात्र हीच काच शांतपणे वागते. म्हणून मी दिवाळीनंतर काम सुरू करते आणि होळीला आवरते घेते.

पाण्याची गोष्टही अशीच. आमच्या बोअरच्या पाण्याने भरलेल्या पेल्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला की पाणी ताकासारखे होते. पाण्यातले क्लोराइड चांदीला धरते. त्यामुळे द्रावणाला डिस्टिल्ड पाणीच लागते. मला ते हमरस्त्यावरच्या गॅरेजात, गाडीच्या बॅटरीत घालायच्या कॅनमधून मिळते. दीडशे वर्षांपूर्वी तंबू घेऊन हिंडणाऱ्याला ते बरोबर वाहून न्यावे लागे किंवा पावसाचे साठवावे लागे.

हे अनुभवले की आपल्याकडच्या जुन्या छायाचित्रांच्या इतिहासातल्या काही गोष्टी उलगडतात. १८५५ मध्ये कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे या भागांतल्या वास्तूंची चित्रे घेण्याच्या कामावर नेमले, तेव्हा त्यांनी कागदी निगेटिव्हची जुनी पद्धत वापरली. काच तपशील अधिक चांगला देते. पण कागद आधी तयार करून ठेवता येतो आणि उन्हात प्रवास करतो. दख्खनच्या हवेत हा शहाणपणा होता. उलट सॅम्युअल बोर्न याने १८६६ मध्ये हिमालयात १८,६०० फुटांवर मणिरंग खिंडीत ओल्या काचेवर चित्रे घेतली, त्याचे अजून कौतुक होते. कौतुक योग्यच आहे. पण निदान ईथर उडून जाण्याची धास्ती त्याला नव्हती. रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या परिसरात वर्षानुवर्षे काढलेली जोडचित्रे, ज्यांतली काही १८६४ मध्ये पुस्तकरूपाने आली, ती मला आता वेगळ्या आदराने पाहावीशी वाटतात. खानदेशच्या सीमेवरचा तो उन्हाळा आणि हातात ओली काच!

पण हवेपेक्षा मोठा प्रश्न रंगाचा आहे. चांदीचे आयोडाइड आणि ब्रोमाइड यांना निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश तेवढा कळतो. पिवळा जेमतेम, लाल मुळीच नाही. म्हणून तर लाल दिव्यात काम करता येते. आभाळ निळे, म्हणजे काचेच्या दृष्टीने लखलखते. झाड-डोंगर उमटेपर्यंत ते जळून कोरे होते. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राच्या चित्रांना वेगळ्या काचेवरचे ढग जोडले, ते याच अडचणीपायी.

मी एका पाटावर काही वस्तू ओळीने मांडून त्यांची काच घेतली: कुंकू, हळद, झेंडूची फुले, आंब्याची पाने, निळीत बुडवलेला पांढरा रुमाल आणि गडद निळ्या खणाचा तुकडा. काचेवर कुंकू काजळासारखे उतरले. हळद त्याच्या शेजारी तितकीच काळी. झेंडू आणि आंब्याची पाने यांत फरकच उरला नाही. दसऱ्याचे तोरण या काचेला एकरंगी काळे दिसेल. रुमाल डोळे दिपवणारा. आणि जो खण डोळ्यांना हळदीपेक्षा कितीतरी गडद दिसतो, तो तिच्याहून उजळ. आपल्याकडे मंगल मानलेले बहुतेक रंग या काचेच्या लेखी अंधार आहेत.

त्वचेचेही तसेच. आपल्या कातडीतले मेलॅनिन अतिनील आणि निळा प्रकाश अधिक शोषते, तांबूस-पिवळा परत पाठवते. त्या परतलेल्या उजेडामुळेच सावळा चेहरा डोळ्यांना उबदार, तेजस्वी वाटतो. काच नेमका तोच उजेड पाहत नाही. आमच्या वस्तीवरचे एक आबा, सत्तरी ओलांडलेले, माझ्यासाठी पंधरा सेकंद न हलता बसले. ओठांवर हसू धरून ठेवणे एवढा वेळ जमत नाही, म्हणून चेहरा आपोआप कडक झाला. काच धुऊन त्यांच्या हातात दिली तेव्हा सुरकुतीन् सुरकुती तिच्यात होती. आबांनी ती उजेडाकडे धरली, खाली केली आणि विचारले, “एवढा काळा हाय व्हय मी?” ते नव्हते. मोबाइलवर त्याच बाकावरचा त्यांचा फोटो गव्हाळ होता.

आबांना विचारता आले. ज्यांना विचारता आले नाही त्यांचे काय, हा माझ्या लेखाचा खरा विषय आहे. १८६८ ते १८७५ या काळात जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेले ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. त्यांत ४६८ छायाचित्रे आहेत. जातीजमातींचे नमुने म्हणून माणसे मांडलेली आणि शेजारी त्यांच्या स्वभावाविषयी, चालीरीतींविषयी सरकारी थाटाचा मजकूर. त्याच काळात मुंबईत विल्यम जॉन्सनने इथल्या ‘वंश आणि जमातीं’वर दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यात जॉन्सनने गटांची चित्रे वेगळी घेऊन त्यांना मुंबईच्या देखाव्यांची पार्श्वभूमी जोडली. माणसे तिथे उभी नव्हती. उभी केलेली दिसतात. काच वाळण्याआधी काम उरकायचे तर माणसांना अंधाऱ्या खोलीच्या जवळ आणणे सोपे, हे स्वतः करून पाहिल्यावर पटते. पण वाचणाऱ्याला ते जागेवरचे दृश्य वाटले.

रंगाची फसवणूक याहून खोल गेली, कारण ती कुणी जाणून केली नाही. त्या काळी कातडीचा वर्ण हा वंश ठरवण्याचा पुरावा मानला जाई आणि कॅमेरा हा पक्षपात न करणारा साक्षीदार. वर्ण गडद करून दाखवणारे रसायन आणि वर्णावरून माणूस तोलणारी विद्या एकाच वेळी भेटली. उन्हात राबणाऱ्याचा रापलेला चेहरा आणखी काळा झाला आणि कडक मुद्रेला ‘उग्र स्वभाव’ समजायला वाव मिळाला. जी मुद्रा शिकारी किंवा भटक्या म्हणून लिहिलेल्या माणसाची, तीच पेशव्यांच्या आश्रितांच्या घरातल्या कारकुनाचीही असते. दोघेही सेकंद मोजत बसलेले असतात.

हे प्रकरण ओल्या काचेबरोबर संपले नाही. १८८० च्या आसपास जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या आणि धावपळ थांबली, पण निळ्यापुरती दृष्टी तशीच राहिली. हर्मान फोगेलने १८७३ मध्ये रंगद्रव्ये मिसळून काचेला हिरव्या-पिवळ्याची जाण देता येते हे दाखवले. लाल रंग पाहणाऱ्या काचा विकायला यायला १९०६ उजाडले आणि घरोघरच्या स्टुडिओत त्या पोहोचायला आणखी काळ गेला. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फिल्मवर चित्रित झाला तीही लाल रंगाला आंधळीच होती. म्हणजे आपल्या घरांत भिंतीवर असलेल्या पणजोबा-पणजीच्या बहुतेक तसबिरी या आंधळ्या डोळ्याने पाहिलेल्या आहेत. ‘आमची पणजी काळी होती’ असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, त्यातल्या कित्येक पणज्या गव्हाळ असतील. तिच्या कपाळावरचा काळा ठिपका मात्र आपण न सांगता लाल समजून घेतो. जी दुरुस्ती कुंकवाला करतो, ती कपाळाला करत नाही.

जुन्या छायाचित्राला खोटे म्हणण्याचा हा प्रयत्न नाही. आबांच्या काचेवरच्या सुरकुत्या मोबाइलमध्ये नाहीत. अतिनील प्रकाश कातडीवर उन्हाने केलेले काम उघडे करतो आणि दगडावरची छिन्नीची खूण तितकीच लख्ख देतो. शिल्पाच्या अभ्यासाला ही काच आजही उत्तम साक्षीदार आहे. रंगाच्या बाबतीत तिची साक्ष घेऊ नये, इतकेच. छायाचित्राखाली आपण नाव, गाव आणि साल लिहितो. त्याच्या शेजारी ते कोणत्या प्रक्रियेने काढले हेही लिहावे आणि वाचणाऱ्याने ते वाचावे. जेजुरीचा भंडारा कपाळभर माखलेला वाघ्या ओल्या काचेपुढे बसला असता, तर त्याच्या कपाळाला काजळी फासल्यासारखी दिसली असती आणि ते चित्र पाहून एखाद्या संपादकाने आपल्या खंडात काय लिहिले असते याची कल्पना करावी. भंडारा पिवळाच होता.