‘सुधारणे’त आटलेलं तळं

रायपूरला बदलून आलेल्या माणसाला लोक हमखास दोन पाणवठे दाखवतात: बूढा तालाब आणि तेलीबांधा. दोघांनाही आता नवी नावं आहेत. बूढा तालाब कागदोपत्री विवेकानंद सरोवर झाला, कारण १८७७ च्या सुमारास किशोरवयीन नरेंद्र वडिलांसोबत याच शहरात राहिला होता. तेलीबांध्याला तर लोक सरळ ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात.

सैनिकाची नजर मात्र आधी किल्ला शोधते. ब्रिटिशकालीन गॅझेटियरनुसार राजा भुवनेश्वरसिंहाने १४६० मध्ये इथे किल्ला बांधला. त्याच्या दक्षिणेचा बूढा तालाब त्याच काळातला. शत्रूला अडवणारं पाणी आणि वेढ्यात आतल्यांना जगवणारं पाणी एकच. किल्ला आज नाही, तलाव आहे. पण तोही पूर्ण नाही. त्याच गॅझेटियरात नोंद आहे की तलावाचा विस्तार पूर्वी जवळजवळ एक चौरस मैल होता, नंतरच्या ‘सुधारणां’मध्ये तो घटला आणि पूर्वेची सार्वजनिक बाग मुळात तलावाच्याच पोटातली. म्हणजे तळं खाण्याची सुरुवात आजच्या बिल्डरने केलेली नाही. ती एकोणिसाव्या शतकातच झाली, तीही सुधारणा म्हणून.

मराठी वाचकाला इथे आणखी एक धागा सापडेल. १७५८ पासून छत्तीसगडचा कारभार नागपूरकर भोसल्यांच्या बिंबाजींकडे होता. शहरातला महाराजबंध तलाव मराठा अमलात एका महसूल मक्तेदाराने बांधला. वसुली करणाऱ्यानेही तळं बांधावं, कारण पाणी टिकलं तर धान पिकणार आणि धान पिकलं तरच वसूल येणार. इथल्या जुन्या गावांची महती सांगताना ‘छै आगर छै कोरी’ तलाव म्हणतात. कोरी म्हणजे आपली कोडी, वीस. सहा कोड्या आणि वर सहा, एकूण १२६.

हीच व्यवस्था आपल्या भंडारा-गोंदियात कोहळी समाजाने उभी केली. तिथले मालगुजारी तलाव पाहिले की तळं म्हणजे नुसता खड्डा नव्हे, हे कळतं. पाणी आणणारा उतार, पाळ, सांडवा, काठची पाणवनस्पती, गाळ काढणारे हात आणि त्या हातांचा पाण्यावरचा हक्क, हे सगळं मिळून तळं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झालं. पण तलाव सरकारकडे गेले आणि देखभालीची जबाबदारी कोणाचीच उरली नाही. गाळ साचला, बेशरम माजली, मासे घटले.

त्याच भागात अलीकडे ढिवर समाजाच्या बायका-पुरुषांनी काही तलावांतली बेशरम उपटली, तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. गावठी मासे आणि पक्षी परतले. कारंजी नाहीत, रोषणाई नाही. याला पुनरुज्जीवन म्हणायचं. काठाला फरशी बसवणं ही डागडुजीसुद्धा नव्हे.

कायद्याचा आधारही तोकडा आहे. १९७१ चा रामसर करार मानवनिर्मित तळ्यांनाही पाणथळ मानतो; आपले २०१७ चे नियम मात्र पिण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेली तळी वगळतात. म्हणजे पाचशे वर्षं पाणी धरलेलं, पुरात शहराचा भार घेणारं, उन्हाळ्यात विहिरी जिवंत ठेवणारं तळं केवळ माणसाने बांधलं म्हणून संरक्षणाबाहेर राहू शकतं.

फौजेत जमीन सोडायची तर वरून लेखी हुकूम लागतो. तळ्याची जमीन अशी हुकूम देऊन कोणी सोडत नाही. ती बाग, रस्ता, पार्किंग अशी एकेका सुधारणेत जाते. आपापल्या गावातल्या तळ्याची जुनी हद्द महसुली नकाशात एकदा पाहा. निवृत्तांना वेळ असतो आणि नकाशा वाचायची सवयही.