शिळेवरील आराखडा : भोजपूरचे अपूर्ण शिवालय

प्राचीन भारतीय स्थपती आराखडा न काढता, केवळ परंपरेने मुखोद्गत झालेल्या प्रमाणांवर मंदिरे उभारीत असत, असे मत पुष्कळदा मांडले गेले आहे. पूर्ण झालेल्या मंदिरांची समकालीन रेखाचित्रे क्वचितच सापडतात, हा या मताचा मुख्य आधार होय. तो कितपत ग्राह्य आहे हे ठरविताना भोजपूरचा पुरावा दृष्टीआड करता येत नाही.

भोपाळच्या आग्नेयेस बेतवा नदीच्या परिसरात असलेले हे शिवालय परमार भोजाच्या काळातील (सुमारे इ. स. १०१० ते १०५५) मानले जाते. गर्भगृहातील लिंग सुमारे साडेसात फूट उंचीचे आहे; शिखर मात्र कधीच पूर्ण झाले नाही. प्रचंड शिळा वर चढविण्यासाठी रचलेला उतार मंदिरामागे अद्याप दिसतो. सभोवारच्या खाणींत अर्धवट घडविलेले भाग पडून आहेत, आणि तेथील सपाट खडकांवर तलविन्यास, शिखरे, स्तंभ व थरांचे छेद रेषांनी कोरलेले आहेत. यांपैकी काही रेखांकने उभ्या मंदिराशी जुळत नाहीत. त्यावरून मूळ संकल्प याहून विस्तृत असावा, असे अनुमान निघते.

भोजाच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ गणपतिशास्त्री यांनी संपादिला व तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रासादांची प्रमाणे शब्दांत दिली आहेत. परंतु अमुक थर इतक्या भागांचा व त्याचा निर्गम इतका, एवढ्याने त्या थराची वक्ररेषा निश्चित होत नाही. ती प्रत्यक्ष रेखूनच ठरवावी लागते. अनेक पाथरवटांनी निरनिराळ्या ठिकाणी घडविलेले दगड एकमेकांवर नेमके बसावयाचे, तर सर्वांसमोर एकच रेषा असणे अवश्य होते. अ‍ॅडम हार्डी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रंथ व रेखांकने एकत्र वाचली आहेत, ती याच दृष्टीने महत्त्वाची होत.

ही रेखांकने टिकली कशी, याचे उत्तर अन्यत्रच्या एका उदाहरणाने सुचते. तुर्कस्तानातील डिडिमा येथील अपोलोच्या मंदिराच्या भिंतींवर बारीक कोरलेले आराखडे १९७९ मध्ये आढळले. भिंतींना अखेरची घोटाई झाली असती, तर ते पुसले गेले असते; मंदिर अपूर्ण राहिल्यामुळेच ते वाचले. भोजपूरलाही काम चालू राहते, तर उतार हलविला गेला असता, आणि रेखा असलेले खडकही कदाचित फोडले गेले असते.

तात्पर्य, पूर्ण वास्तूजवळ आराखडा न सापडणे हा आराखडा नसल्याचा पुरावा नव्हे. वास्तूची सिद्धीच पुष्कळदा तिच्या पूर्वरेखेचा लोप करते.