वारशात आलेलं पिस्तूल

जर्मन सैन्याचं 'लुगर' पिस्तूल पडद्यावर पाहिलं नाही असा इंग्रजी युद्धपटांचा प्रेक्षक विरळाच. मागे कललेली मूठ, बारीक नळी आणि पाठीवर कोपरासारखा वाकणारा सांधा. गोळी सुटली की हा सांधा वर उचलला जातो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि सांधा पुन्हा खाली बसताना नवं काडतूस आत ढकलतो. मूळ कल्पना ह्यूगो बोर्कार्ड यांची. तिला सुटसुटीत रूप दिलं गेऑर्ग लुगर यांनी. १९०० मध्ये स्विस सैन्यानं, १९०४ मध्ये जर्मन आरमारानं आणि १९०८ मध्ये जर्मन भूदलानं ते स्वीकारलं. म्हणून त्याचं अधिकृत नाव 'पी ०८'.

त्याच्या नऊ मिलिमीटरच्या काडतुसाला 'पॅराबेलम' म्हणतात. शांतता हवी असेल तर युद्धाची तयारी कर, अशा अर्थाचं एक लॅटिन वचन आहे. त्यातले शेवटचे दोन शब्द कारखान्यानं आपल्या तारेच्या पत्त्यासाठी घेतले होते. वचनातली शांतता मागेच राहिली आणि युद्ध तेवढं काडतुसाला चिकटलं. शब्दांशी व्यवहार असणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या मनातून ही गोष्ट जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढलेल्या अमेरिकन सैनिकांना आठवण म्हणून घरी न्यायला हे पिस्तूल फार आवडे. ते सैनिक आता जवळपास सगळे गेले. त्यांची मुलं, नातवंडं माळा आवरायला घेतात, ट्रंक उघडतात आणि तळाशी चामड्याच्या म्यानात ते सापडतं. मग मनात दोन गोष्टी येतात. एक, याची किंमत किती? आणि दुसरी, जरा घासूनपुसून चकचकीत करावं. घात होतो तो या दुसऱ्या विचारानं.

लुगरच्या अंगावर आकडे आणि खुणा कोरलेल्या असतात. काडतूस बसतं त्या भागावर बहुधा निर्मितीचं वर्ष असतं. सांध्यावर कारखान्याची खूण असते. नाझी राजवटीत कारखान्यांची नावं शत्रूला कळू नयेत म्हणून सांकेतिक अक्षरं वापरत. माउझर कारखान्याची खूण आधी 'एस/४२', मग '४२', मग 'बीवायएफ' अशी बदलत गेली. मुख्य भागांवर क्रमांक, आणि अगदी बारीक खिट्ट्यांवरही त्याच क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे. कारण हे भाग हातानं घासून एकमेकांत बसवलेले असत. दुरुस्तीच्या वेळी दहा पिस्तुलं एका टेबलावर सुटी केली तर एकाची खिट्टी दुसऱ्यात जाऊ नये. आज हेच आकडे जाणकार भिंगातून पाहतात. सगळे जुळले तर पिस्तूल कारखान्यातून निघालं तसंच आहे. गोळ्यांच्या मॅगझिनच्या बुडाचाही क्रमांक जुळला तर दुधात साखर.

रंगाचंही तसंच. १९३७ च्या आसपासपर्यंतच्या लुगरचं अंग निळसर काळं आणि काही छोटे भाग गवताच्या काडीसारखे पिवळट असत. उष्णता देऊन आणलेला तो रंग होता. पुढे माउझरनं पद्धत बदलली आणि सगळेच भाग एका रंगाचे झाले. हाताळून झिजलेल्या कडा, म्यानाच्या घर्षणानं नळीच्या टोकाचा उडालेला रंग, हे सगळं त्याच्या वापराचं दप्तर आहे. पॉलिश कागदानं घासलं, नवा काळा रंग चढवला, की ते दप्तर जळालं. किंमत निम्म्यावर येऊ शकते, पण मला पैशापेक्षा दुसरंच नुकसान मोठं वाटतं: मग ती वस्तू कुठल्याच वर्षाची राहत नाही.

काही घरांतून आणखी एक प्रकार होतो. पिस्तुलावर गरुड आणि स्वस्तिकाची तपासणीची मोहोर असते. ती पाहून नव्या पिढीला शिसारी येते आणि कुणीतरी ती कानशीनं घासून काढतं. शिसारी समजण्यासारखी आहे; ती येत नसेल तर काळजी करावी. पण मोहोर घासल्यानं हिटलरचं राज्य झालंच नव्हतं असं होत नाही. हे शस्त्र कुणाच्या हुकमानं बनलं याचा पुरावा मात्र जातो. ती तशीच ठेवून मुलांना तिचा अर्थ सांगणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

जतन करण्याचं खरं काम अगदी साधं आहे. सर्वांत आधी जाणकाराकडून पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून घ्यायची. ऐंशी वर्षांपूर्वीची गोळीही उडू शकते. बोटांच्या घामातलं मीठ लोखंड खातं, म्हणून हातमोजे घालायचे. मऊ कापडानं तेलाचा अगदी पुसट हात फिरवायचा. जास्त झालं तर ते मुठीच्या अक्रोडाच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. आणि ज्या म्यानात ते इतकी वर्षं राहिलं, त्या म्यानात ते ठेवायचं नाही. चामडं हवेतलं पाणी धरून ठेवतं, कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात उरलेली असतात, त्यानं आतल्या आत गंज धरतो. म्यानही जपायचं, पण शेजारी, वेगळं.

पण या सगळ्याहून मोलाचा असतो एक कागद. २८ मे १९४५ च्या परिपत्रकानुसार अमेरिकन सैनिकाला शत्रूची वस्तू घरी न्यायची तर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला लागे. अमुक सैनिकाला ही वस्तू स्वतःची म्हणून ठेवायला परवानगी आहे, एवढाच मजकूर. हा कळकट कागद ट्रंकेत पिस्तुलासोबत सापडला तर पिस्तुलाला बोलता येऊ लागतं. नाही सापडला तर फक्त गोष्टी उरतात, आणि गोष्टींचा भरवसा नाही. प्रत्येक आजोबांनी ते एखाद्या बड्या जर्मन अधिकाऱ्याकडूनच घेतलेलं असतं! दाखल्यावर घेणाऱ्याचं नाव आहे, अधिकाऱ्याची सही आहे. ज्याच्याकडून घेतलं त्याच्या नावाला जागा नाही. तो शरण आला होता की मेला होता, हे घरात बहुधा कुणी विचारलेलं नसतं आणि आजोबांनीही सांगितलेलं नसतं.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात २०१२ मध्ये पोलिसांनी बंदुका जमा करण्याची मोहीम काढली होती. जमा झालेलं शस्त्र वितळवलं जाणार होतं. एक बाई वडिलांनी युरोपातून आणलेली बंदूक घेऊन आली. पोलिसांनी ओळखलं, ही जर्मनांची 'स्टुर्मगेवेर ४४', हजारो डॉलर किमतीची दुर्मीळ रायफल. त्यांनी ती भट्टीत न घालता तिची तिला परत दिली. त्या दोन पोलिसांचं मला कौतुक वाटतं.

आपला या जर्मन सैन्याशी संबंध दूरचा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान इटलीत त्याच्याशी भिडले होते. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथंच धारातीर्थी पडले. अहमदनगर जिल्ह्यातले नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्याकडच्या सैनिकी घरांत पदकं, पत्रं, पगाराची पुस्तकं सापडतात. पिस्तूल क्वचित, पण सापडलं तर काय करायचं, हे ठाऊक हवं.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारक वारला की ते शस्त्र घरात ठेवता येत नाही. उगाच वेळ न घालवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारसानं स्वतःच्या नावे परवाना मागायचा. २०१६ च्या नियमांत वारसासाठी वेगळी तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाचं शस्त्रही त्यातच मोजायचं. शिवाय सैन्याची नऊ मिलिमीटरची, .३८० आणि .४५५ ची काडतुसं चालणारी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित वर्गात मोडतात. म्हणजे लुगरही आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांचं वेब्लीही. त्यांचा विषय जिल्ह्यात संपत नाही, तो दिल्लीला केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. 'जुनं आहे, शोभेचं आहे' म्हणून सुटका नाही. दुरुस्त करूनही जे चालणार नाही अशालाच कायदा सोडतो. कागद नसलेलं पिस्तूल पाहून घाबरून विहिरीत टाकणारेही असतात. त्यापेक्षा वकिलाला विचारावं आणि रीतसर जमा करावं.

जमा होणं म्हणजे नाहीसं होणंच असं नाही. लाहोरला १७ डिसेंबर १९२८ रोजी साँडर्सवर झाडलेलं भगतसिंगांचं .३२ चं कोल्ट पिस्तूल सरकारी ताब्यातच फिलौरहून इंदूरला सीमा सुरक्षा दलाकडे गेलं आणि कित्येक वर्षं इतर पिस्तुलांत अनोळखी पडून राहिलं. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग फासला होता. २०१६ मध्ये एका पत्रकारानं पाठपुरावा केला, रंग खरवडला गेला, खालचा क्रमांक दिसला आणि तो खटल्याच्या कागदांतल्या क्रमांकाशी जुळला. पुढं ते हुसैनीवालाच्या संग्रहालयात गेलं.

म्हणून पोलीस ठाण्याची पायरी चढण्यापूर्वी क्रमांक लिहून काढावा, सगळ्या बाजूंनी छायाचित्रं घ्यावीत, जमा केल्याची पावती मागून घ्यावी. घरात ऐंशी-नव्वदीची आत्या किंवा आजी असेल तर तिच्याजवळ बसून विचारावं, भाऊ कुठल्या पलटणीत होता, कुठल्या बोटीनं परत आला, ही ट्रंक कधी आणि कुणासमोर उघडली. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून त्या पावतीला जोडून ठेवावं.