मोटार वाहन कायद्यातील ‘मालक’ या संकल्पनेचा विकास : कामोठे परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक : १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व नवी मुंबईच्या नियोजनातून कामोठे हे गाव शीव-पनवेल महामार्गालगतची नागरी वसाहत बनले. २०१६ मध्ये त्याचा समावेश पनवेल महानगरपालिकेत झाला. येथील रस्त्यांवर पनवेलच्या एमएच-४६ बरोबरच पेण कार्यालयाचा एमएच-०६, वाशीचा एमएच-४३ असे क्रमांक दिसतात. अशा वसाहतीत जुने वाहन विकले जाते, परंतु नोंदवहीतील नाव अनेकदा तसेच राहते. या नावाला कायद्याने कोणते दायित्व जोडले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ताब्याकडून नोंदीकडे : १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील ‘मालक’ या शब्दाची व्याख्या अज्ञान व्यक्तीचा पालक आणि भाडेखरेदी कराराने वाहन ताब्यात असणारा यांच्यापुरती होती, तिचा भर ताब्यावर होता. १ जुलै १९८९ रोजी अमलात आलेल्या १९८८ च्या कायद्याने ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे तोच मालक, असे स्पष्ट केले. कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची खबर विक्रेत्याने १४ दिवसांत (नमुना २९), तर खरेदीदाराने ३० दिवसांत (नमुना ३०) देणे बंधनकारक आहे. पत्ता बदलल्यास कलम ४९, चालकाची माहिती देण्याबाबत कलम १३३ आणि विम्याबाबत कलम १४६ लागू होते.

न्यायालयीन दृष्टिकोन : ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढील एका प्रकरणात वाहन एकापाठोपाठ एक अनेकांना विकले गेले होते, नोंद मात्र मूळ मालकाचीच होती. न्यायालयाने भरपाईचे दायित्व त्याच्यावरच ठेवले. अपघातग्रस्ताला विक्रीच्या साखळीचा शोध घेत फिरावे लागू नये, ही त्यामागील भूमिका होती. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९-अ ने अल्पवयीनाने केलेल्या गुन्ह्याबद्दल पालकास वा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंडाची तरतूद केली. हा गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी योग्य ती दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली.

समारोप : वरील विवेचनावरून असे दिसते की, कायद्याने विक्रेत्याच्या सोयीपेक्षा पीडिताच्या हक्काला अग्रक्रम दिला. विक्रीची रक्कम व किल्ली यांची देवघेव झाली म्हणजे व्यवहार संपला, ही समजूत म्हणूनच घातक ठरते. नोंदवहीतील नाव बदलेपर्यंत विक्रेत्याचे दायित्व संपत नाही.