मोठ्या वयात चित्रगोष्टी वाचून बरे वाटते का? मनाचा आधार आणि त्याची मर्यादा

मन जड असताना लहान मुलांचे चित्रांचे पुस्तक वाचून बरे वाटते, हे मोठी माणसे सहसा सांगत नाहीत. तपासणी संपल्यावर, दारापाशी जाता जाता ओशाळून विचारतात, "डॉक्टर, या वयात असली पुस्तके वाचतो, यात काही गैर नाही ना?" गैर काहीच नाही. मात्र या सवयीकडे नीट पाहिले, तर तुमच्या मनाच्या तब्येतीबद्दल तिच्यातून बरेच कळते. ते कसे, हे या लेखात पाहू.

थोडक्यात

• ताण, दुःख, आजारपण किंवा झोपमोड यांत शांत चित्रगोष्ट मनाला विसावा देते.
• ती औषधाची किंवा समुपदेशनाची जागा घेत नाही.
• आवडती गोष्टही आवडेनाशी झाली आणि हे दोन आठवडे टिकले, तर डॉक्टरांना भेटा.

मनाचा ताण शरीरात कसा दिसतो?

वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या सर्वांत जुन्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. आज इथे उरलेल्या कारखान्यांशेजारी आयटी कंपन्या आहेत आणि भोवती किसननगर, हाजुरी, लोकमान्यनगरची दाट वस्ती. कुणाची रात्रपाळी, कुणाची कंत्राटी नोकरी, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले आईवडील. "मला उदास वाटते" असे म्हणत क्वचितच कुणी दवाखान्यात येते. तक्रारी असतात त्या छातीत धडधड, डोके जड होणे, पित्त, अंगदुखी आणि झोप न लागणे यांच्या.

अशा तक्रारींत आधी शारीरिक कारणे तपासावी लागतात. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि गरजेनुसार ईसीजी पाहिला जातो. हे सारे ठीक असेल, तर तक्रार खोटी ठरत नाही. ताणामुळे शरीर सतत सावध राहते आणि त्यातून खरोखरची धडधड व खरोखरचे दुखणे निर्माण होते. अशा शरीराला दिवसातून थोडा वेळ तरी "आता धोका नाही" असा इशारा मिळावा लागतो. फिरणे, संथ श्वास, भजन, गप्पा यांतून तो मिळतो, तसाच काहींना चित्रगोष्टीतूनही मिळतो.

चित्रगोष्टच का?

• थकलेल्या मनाला झेपते. काळजीत किंवा दुःखात लक्ष टिकत नाही. कादंबरीचे एक पान तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. चित्रगोष्टीत चार ओळी असतात, अक्षर मोठे असते आणि उरलेले चित्र सांगते.
• वेग आपल्या हातात राहतो. मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ येत राहतात. पुस्तकाचे पान मात्र आपण उलटेपर्यंत उलटत नाही. नजर चित्रावर रेंगाळते आणि श्वास आपोआप संथ होतो.
• शेवट माहीत असतो. काळजीचे मूळ बहुतेक वेळा अनिश्चिततेत असते. दहादा वाचलेल्या गोष्टीत पुढे काय होणार हे ठाऊक असते, म्हणून तर ती पुन्हा वाचाविशी वाटते.
• दुःखाकडे थोडे लांबून पाहता येते. स्वतःबद्दल बोलताना घसा दाटतो. गोष्टीतल्या मुलाबद्दल किंवा प्राण्याबद्दल बोलणे सोपे जाते.

वाचनातून मनाला मदत करण्याच्या पद्धतीला ग्रंथोपचार म्हणतात. अमेरिकन लेखक सॅम्युअल क्रोदर्स यांनी १९१६ साली एका लेखात यासाठीचा इंग्रजी शब्द वापरला. इंग्लंडमध्ये २०१३ पासून 'रीडिंग वेल' नावाची योजना आहे. तिच्यात डॉक्टर रुग्णाला ठरावीक पुस्तके सुचवतात आणि ती सार्वजनिक वाचनालयात मिळतात. मात्र संशोधनाचा चांगला आधार आहे तो विचार आणि वर्तन बदलण्याचे टप्पे शिकवणाऱ्या पुस्तकांना, तोही सौम्य ते मध्यम त्रासात. चित्रगोष्टींबद्दल तसा दावा करता येत नाही. म्हणून त्यांना उपचार न म्हणता आधार म्हणावे.

कोणती पुस्तके निवडावीत?

मराठीत यासाठी भरपूर साहित्य आहे. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही मालिका रोजच्या घरातल्या माणसांबद्दल आहे आणि तिची चित्रेही त्यांचीच आहेत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून वृत्तपत्रात आला आणि मोठ्यांनीही तो सकाळच्या चहाबरोबर वाचला. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झाले आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. अनेकांना त्यांत स्वतःचे बालपण सापडते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरही मराठी आणि हिंदी चित्रपुस्तके विनामूल्य आहेत. कागदावरचे पुस्तक हवे असेल, तर ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून वाचकांची सोय करत आले आहे.

'शांत गोष्ट' म्हणजे दुःख नसलेली गोष्ट नव्हे. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' हे १९८१ सालचे जपानी पुस्तक मराठीत लोकप्रिय आहे. चिहिरो इवासाकी यांची चित्रे अतिशय कोमल आहेत, पण त्यात तोत्तोचानच्या मित्राचा मृत्यू आहे आणि शेवटी तिची शाळा बॉम्बहल्ल्यात जळते. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर असे पुस्तक आधी दुसऱ्या कुणी वाचून पाहावे. काहींना त्यातून मोकळे रडता येते, काहींना ते झेपत नाही. दोन्ही स्वाभाविक आहे.

कसे वाचावे?

१. रोज १० ते १५ मिनिटे पुरतात. एकाच वेळी ढीगभर पुस्तके वाचण्याची गरज नाही.
२. शक्यतो कागदी पुस्तक घ्या. झोपण्यापूर्वी मोबाइल हातात आला, की गोष्ट बाजूला राहते आणि मेसेज सुरू होतात.
३. अंथरुणावर पडून सुमारे २० मिनिटांत झोप लागली नाही, तर कूस बदलत राहू नका. उठून मंद दिव्यात पुस्तक पाहा आणि डोळे जड झाले की पुन्हा आडवे व्हा. रात्रपाळीहून आल्यावर दिवसा झोपणाऱ्यांनीही हेच करावे, खोलीत मात्र अंधार ठेवावा.
४. वाचता येत नसेल किंवा चष्म्यानेही नीट दिसत नसेल, तर नुसती चित्रे पाहा किंवा नातवंडाकडून वाचून घ्या.
५. वाचण्यापूर्वी आणि वाचल्यानंतर स्वतःला विचारा, "आत्ता कसे वाटते आहे?" उत्तर एका शब्दात वहीत लिहा. ही वही डॉक्टरांनाही उपयोगी पडते.

घरच्यांसाठी

"आता काय बालवाडीत जायचे का?" अशी थट्टा करू नका. थट्टा झाली की माणूस पुस्तक लपवतो आणि त्याबरोबर मनातलेही. त्याऐवजी शेजारी बसा आणि "यातले कोणते चित्र आवडले?" एवढेच विचारा. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या सुनेला, मुलीला किंवा पत्नीलाही अशा १५ मिनिटांची गरज असते. त्या वेळात घरातल्या दुसऱ्या कुणी जबाबदारी घ्यावी. पक्षाघातानंतर बोलणे अडखळणाऱ्या किंवा विसराळूपणा वाढलेल्या ज्येष्ठांबरोबर चित्रे पाहणे, हा संवादाचा चांगला मार्ग आहे. मात्र त्यांच्याशी लहान मुलासारखे बोलू नका.

गोष्ट पुरत नाही, हे कसे ओळखावे?

नैराश्याची प्राथमिक चाचणी करताना डॉक्टर दोन प्रश्न विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास किंवा निराश वाटले का? आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पुस्तकात सापडते. वाचून थोडे हलके वाटत असेल आणि उठून कामाला लागता येत असेल, तर आधार काम करतो आहे. तीच पाने कोरडी वाटू लागली, तर तो आळस किंवा पुस्तकाचा दोष समजू नका, कारण ते आजाराचे लक्षण असू शकते.

पुढीलपैकी काही असेल, तर डॉक्टरांना भेटा:

• दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप किंवा भूक बिघडणे
• कामावर जाणे, आंघोळ, स्वयंपाक अशी रोजची कामे अशक्य वाटणे
• माणसे टाळून सतत गोष्टींतच राहावेसे वाटणे
• मन शांत करण्यासाठी दारूचे किंवा झोपेच्या गोळ्यांचे प्रमाण वाढणे

"जगून काय उपयोग" असे विचार येत असतील, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि मदत घ्या. अशा व्यक्तीला घरच्यांनी एकटे सोडू नये. छातीत दाब, घाम किंवा दम लागत असेल, तर त्याला ताण समजून घरी न थांबता तडक रुग्णालय गाठा.

मदत कुठे मिळेल?

टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर २४ तास मराठीतही बोलता येते. वागळे इस्टेटपासून जवळच असलेल्या ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे तपासून घेणे म्हणजे भरती होणे नव्हे. ईएसआय कार्ड असलेल्या कामगारांनी ईएसआयच्या दवाखान्यातून सुरुवात करावी. यांपैकी कुठेच जाणे जमत नसेल, तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना सांगा. पुढची चिठ्ठी ते देतील.

औषधे सुरू असतील, तर पुस्तकामुळे बरे वाटते म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. गोळी वेळेवर घ्या आणि गोष्टही वाचा. पुढच्या तपासणीला येताना ती वही बरोबर आणा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि उपचारांसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*