खोटे वीजबिल आणि अकाउंटंटची नजर

उद्योजकांच्या सभांतून, बँकांच्या पत्रकांतून आणि वर्तमानपत्रांतल्या सल्ल्यांतून एक मत आता पुरते रुळले आहे. ईमेलवर खोटे वीजबिल येते, अकाउंट्समधले कोणीतरी ते भरते किंवा त्यातली लिंक उघडते आणि कंपनीचे पैसे जातात. तेव्हा दोष त्या माणसाच्या बेसावधपणाचा. मग उपायही ठरलेला असतो. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, भाषेतल्या चुका पाहायला शिकवा, पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचायला सांगा.

या मताच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नाही. 2022 च्या सुमारास 'मागील बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल' अशा अर्थाचे जे संदेश मोबाइलवर फिरले, त्यांचे इंग्रजी खरोखरच मोडके होते आणि ते कोणाच्या तरी खासगी क्रमांकावरून येत होते. आपले एसएमएस अधिकृत सेंडर आयडीवरूनच येतात, असा खुलासा महावितरणने केला होता. तो ज्यांच्या नजरेस पडला त्यांना फायदा झालाच असणार. पण घरगुती ग्राहकाला भेडसावणाऱ्या त्या संदेशावरून कारखान्याच्या संरक्षणाचा सिद्धान्त काढणे मला मान्य नाही.

पहिली गोष्ट चुकांची. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले कॉरमॅक हर्ली यांनी 2012 मध्ये एक निबंध लिहून दाखवून दिले, की भामट्यांच्या पत्रातला ढोबळ खोटेपणा त्यांच्या सोयीचा असतो. शंकेखोर माणूस तिथेच गळतो आणि पुढची मेहनत फक्त भोळ्या माणसांवर खर्च होते. म्हणजे मोडकी भाषा ही लाखो लोकांवर एकाच वेळी टाकलेल्या जाळ्याची खूण झाली. भोसरीतल्या किंवा वाळूजमधल्या एकाच कारखान्यावर नेम धरणारा माणूस खऱ्या बिलाची पीडीएफ समोर ठेवून काम करतो. त्यात ग्राहक क्रमांक बरोबर असतो, रक्कम नेहमीच्या आसपास असते. बदललेला असतो तो फक्त बँक खात्याचा तपशील. तिथे ऱ्हस्व-दीर्घ तपासून काय हाती लागणार?

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची, आणि इथे अनुमानाची गरजच नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीतल्या 14,000 हून अधिक कर्मचाऱ्यांना 15 महिने खोटे ईमेल पाठवून पाहिले. चूक करणाऱ्याला तिथल्या तिथे धडा देण्याच्या प्रचलित पद्धतीने ते सावध तर झाले नाहीतच, उलट अधिक फसले. सॅन दिएगोच्या विद्यापीठीय आरोग्यसेवेतला सुमारे 19,500 कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण मिळालेले आणि न मिळालेले यांच्या फसण्याच्या प्रमाणात फरक पडला तो अवघा 1.7 टक्क्यांचा. ज्या उपायावर सारी भिस्त ठेवायची, त्याचे मोजमाप हे असे आहे.

आणि फसणारे अडाणी असतात म्हणावे, तर गूगल आणि फेसबुकचे काय? इव्हाल्डास रिमासाउस्कास या लिथुआनियाच्या माणसाने क्वांटा या तैवानी पुरवठादाराच्या नावाचीच कंपनी लाटव्हियात नोंदवली आणि 2013 ते 2015 या काळात बनावट बिले पाठवून या दोन कंपन्यांकडून 10 कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. 2019 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. संगणकज्ञानाचा तुटवडा तिथे खासच नव्हता. नेहमीच्या पुरवठादाराचे बिल आले आणि ते नेहमीसारखे पास झाले.

तांत्रिक खुणांचा आधारही तितकाच लटका आहे. ईमेलची मूळ पद्धत 1982 ची. पाठवणारा सांगतो तोच खरा आहे का, हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती. पुढे पाठवणाऱ्याचा पत्ता पडताळणारे डीमार्कसारखे उपाय आले, पण ते हुबेहूब तोच पत्ता वापरणाऱ्याला अडवतात. एक अक्षर बदलून नवा पत्ता रीतसर नोंदवणारा त्या चाळणीतून सहज निघून जातो.

माझ्या मते खरी फट बिल ओळखण्यात नसून पैसे सुटण्याच्या वाटेवर आहे. तिचे एक कारण फारसे कोणी बोलून दाखवत नाही. खरे वीजबिलसुद्धा घाईच करायला लावते. ठरलेल्या थोड्या दिवसांत भरले तर एक टक्का सूट, उशीर झाला तर विलंब आकार, आणि उच्चदाब ग्राहकाची थकबाकी राहिली तर लोड फॅक्टरची सवलतही धोक्यात. लाखांच्या बिलावर हे आकडे लहान नसतात. ही सूट हातची जाऊ नये म्हणून धडपडणाऱ्या अकाउंटंटला मालक एरवी शाबासकी देतो. भामटा नेमक्या त्याच गुणाचा फायदा घेतो. अशा अकाउंटंटला बेसावध म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून व्यवस्था अशी हवी की ईमेलवर आलेले बिल हे पैसे देण्याचे कारण ठरूच नये. बिलाची रक्कम महावितरणच्या पोर्टलवर किंवा भारत बिल पेमेंटच्या यंत्रणेत आपणच आपला 12 अंकी ग्राहक क्रमांक टाकून काढायची आणि तिथेच भरायची. ईमेलमधल्या लिंकला आणि खाते क्रमांकाला या वाटेवर जागाच राहत नाही. खाते बदलल्याचे कोणी कळवले, तर त्या पत्रातल्या नव्हे, आपल्या जुन्या कागदपत्रांतल्या क्रमांकावर फोन करून खात्री करायची. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये वर्षानुवर्षे रक्कम केवळ खाते क्रमांकावर जमा होत आली. आपण लिहिलेले नाव जुळते का, हे पाहिलेच जात नव्हते. लाभार्थीचे नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. प्रत्येक नव्या खात्यासाठी ती वापरायलाच हवी. आणि वीज तोडण्याच्या धमकीला उत्तर कायद्यातच आहे: वीज अधिनियम 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे कलम अकाउंट्सच्या भिंतीवर लावण्यासारखे आहे.

यावर आक्षेप येईल की दोन-चार माणसांच्या वर्कशॉपला एवढी पडताळणी आणि एकाचा व्यवहार दुसऱ्याने तपासण्याची, म्हणजे मेकर-चेकरची, चैन कशी परवडणार? पण बँकेच्या चालू खात्यावर एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय मागता येते, आणि तो दुसरा माणूस मालक स्वतः असू शकतो.

प्रचलित मताचा सर्वांत मोठा अपाय मात्र पैसे गेल्यानंतर दिसतो. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता अधिक. पहिले तास अमूल्य असतात, आणि त्या तासांत काय घडले हे फक्त ज्याच्या हातून व्यवहार झाला त्यालाच माहीत असते. दोष आपल्याच माथी येईल, पगारातून रक्कम कापली जाईल, चारचौघांत नाव निघेल, हे ज्याला ठाऊक आहे तो सोमवारी दुपारी झालेली गोष्ट बुधवारी सांगतो, आणि तोवर पैसे काढून घेतलेले असतात.