चांदी आटली, कागद आला



१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले आणि जर्मनीत लोकांनी नाणी दडवून ठेवली. पुढे तांबे व निकेलही तोफखान्याच्या कामी लागले. बाजारात मोड मिळेना, तेव्हा गावोगावच्या नगरपालिकांनी स्वतःच्या नावाच्या कागदी चिठ्ठ्या काढल्या. त्यांची पत बहुधा गावाच्या वेशीपुरतीच.

आपली हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. येथे चारमिनारचा छाप असलेला हाली रुपया चाले. युद्धाने चांदी महागली. इंग्रज सरकारने १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली आणि १९१८ मध्ये हैदराबादनेही कागदी चलनाचा कायदा केला. १९१९ मध्ये तेथेही एक रुपयाची नोट निघाली.

नाणे वाजवून पारखता येते, कागद वाजत नाही. तो घ्यायचा म्हणजे सरकारचा शब्द घ्यायचा. हैदराबादचा कारभार उर्दूत चाले. पण नोटेची किंमत मराठी, तेलुगू, कानडीतही छापावी लागली. हुकूम सरकारच्या भाषेत सोडता येतो. विश्वास मात्र रयतेच्याच भाषेत मागावा लागतो.